घरचा राउटर आणि कंपनीचा डबा



घरांत इंटरनेटची जोडणी घेतली म्हणजे कंपनीचा माणूस येतो, जिन्यावरून एक बारीक तार आंत आणतो, दिवाणखान्याच्या एखाद्या कोपऱ्यांत डबा ठोकतो, त्याच्या पाठीवर चिकटविलेला पासवर्ड आपल्या फोनांत भरून देतो आणि "झालें" असें म्हणून निघून जातो. त्या दिवसापासून मुलांचें शिक्षण, कचेरीचें काम, बँकेचे व्यवहार आणि सर्वांची करमणूक त्या एका डब्यांतून वाहूं लागते. असें असूनहि त्या डब्याच्या किल्ल्या कोणाकडे आहेत, आणि त्याच्यापुढें आपण स्वतःचें यंत्र बसविलें तर काय होतें, हे प्रश्न फारसे कोणी विचारीत नाहीं. त्यांचीच थोडी फोड आज करावयाची आहे.

प्रथम त्या डब्याच्या पोटांत काय आहे तें पाहूं. बाहेरून तो एक दिसला तरी आंत चार निरनिराळे कारागीर बसलेले असतात. पहिला भाषांतर करणारा. फायबरच्या तारेंतून प्रकाश येतो. त्याचें विजेच्या खुणांत रूपांतर करणें हें त्याचें काम. तांब्याच्या तारेवर हेंच काम मोडेम करतो, म्हणून फायबरच्या डब्यालाहि लोक मोडेमच म्हणतात, आणि व्यवहारांत त्यास हरकत नाहीं. दुसरा कारागीर राउटर. घरांतील यंत्रें व बाहेरचें जग यांच्या मध्यें बसून कोणता संदेश कोठें जावयाचा तें तो ठरवितो. डब्याच्या पाठीमागें जीं तीनचार भोंकें असतात, त्यांत लावलेल्या तारा एकमेकींशीं जोडून देणारा तिसरा. आणि तारेवांचून, लहरींच्या द्वारें बोलणारा वाय-फाय हा चौथा. या चौघांना एका पेटींत कोंडणें कंपनीला स्वस्त पडतें. परंतु पहिला सोडला तर बाकीच्या तिघांचें काम कंपनीनेंच केलें पाहिजे असें मुळींच नाहीं. बाजारांत 'राउटर' म्हणून जी वस्तु मिळते तिच्यांत हेच तिघे असतात. पहिला मात्र कंपनीच्या यंत्रणेशीं ओळखीच्या खुणेनें बांधलेला असल्यामुळें त्याला सहसा जागचा हलवितां येत नाहीं.

तेव्हां आपला राउटर आणून त्या डब्याला जोडला कीं घरांत एकेका कामाला दोन दोन माणसें झालीं. एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत, असें म्हणतात. येथें त्या राहतात. पण कोणती उपसावयाची व कोणती म्यानांतच ठेवावयाची हें आधीं ठरवावें लागतें. हा सारा विषय तेवढ्या एका निर्णयाचा आहे.

पण दुसरा राउटर हवाच कशाला? दोन खोल्यांचें बिऱ्हाड असेल आणि सर्व सुरळीत चालत असेल तर तो मुळींच नको. उगाच चार पैसे खर्चून डोकेदुखी विकत घेण्यांत अर्थ नाहीं. ज्यांना तो हवासा वाटतो त्यांचीं कारणें साधारणतः तीन. तार आणणें जेथें सोपें तेथें कंपनीचा माणूस डबा ठोकतो, आणि तें ठिकाण बहुधा दाराजवळ असतें. मग मधल्या दोन पक्क्या भिंतींपलीकडे, जेथें मुलगी अभ्यासाला बसते, तेथें रेंज पोंचत नाहीं. दुसरें कारण, कंपनी बदलली कीं डबा बदलतो, डब्याबरोबर वाय-फायचें नांव व पासवर्ड बदलतो, आणि मग फोन, छपाईचें यंत्र, टेलिव्हिजन, दारावरचा कॅमेरा अशा दहापंधरा वस्तूंना नवा पासवर्ड शिकवीत बसावें लागतें. आपला राउटर असेल तर फक्त एक तार एका भोंकांतून काढून दुसऱ्या डब्याला लावावयाची.

तिसरें कारण किल्ल्यांचें, आणि मला तें सर्वांत महत्त्वाचें वाटतें. कंपनीच्या डब्याची देखभाल दुरून करतां यावी म्हणून त्यांत एक दार ठेवलेलें असतें. यांत वाईट हेतु नाहीं. त्यामुळेंच कचेरींत बसलेला मनुष्य आपला बिघाड दुरुस्त करूं शकतो. परंतु त्या दाराचा बंदोबस्त आपल्या हातीं नसतो, आणि एकाच नमुन्याचे लाखों डबे असले म्हणजे एकाचा दोष तो सर्वांचा दोष होतो. २७ नोव्हेंबर २०१६ रोजीं जर्मनींतील डॉयचे टेलिकॉम या कंपनीच्या सुमारें ९ लाख ग्राहकांची जोडणी एकाएकीं कोसळली. दुरून देखभाल करण्याकरितां ७५४७ या क्रमांकाचें जें दार वापरण्यांत येतें त्यावर 'मिराई' नांवाच्या उपद्रवी प्रोग्रामाचा एक नवा अवतार जगभर धक्के मारीत होता. घराघरांतील राउटर जिंकून आपलें सैन्य वाढविणें हा त्याचा उद्देश. जर्मन डबे त्या सैन्यांत सामील झाले नाहींत, पण नुसत्या धक्क्यांनींच मूर्च्छित पडले. पुढील वर्षीं कोलोन येथील न्यायालयांत एका ब्रिटिश तरुणानें अपराध कबूल केला व त्यास शिक्षा झाली.

यावरून स्वतःचा राउटर म्हणजे सुरक्षितता, असा अर्थ मात्र कोणी काढूं नये. तोच मिराई प्रथम पसरला तो लोकांनीं स्वतः विकत आणलेल्या, पण कारखान्यांतला पासवर्ड जसाच्या तसा ठेवलेल्या कॅमेऱ्यांतून व राउटरांतून. किल्ली आपल्याकडे आली कीं कुलूप लावण्याचें कामहि आपल्याकडेच येतें. ज्याला वर्षांतून दोनतीन वेळां राउटरचा प्रोग्राम अद्ययावत् करण्याचा कंटाळा आहे, त्यानें कंपनीच्या डब्यावरच विसंबून राहावें हें बरें.

कंपनीची हद्द कोठें संपते आणि घरमालकाची कोठें सुरू होते, हा वाद इंटरनेटहून जुना आहे. अमेरिकेंत टेलिफोन कंपनीच्या तारेला कंपनीचेंच उपकरण लावावें असा दंडक असे. टॉमस कार्टर नांवाच्या टेक्ससमधील गृहस्थानें टेलिफोन व बिनतारी रेडिओ यांची सांगड घालणारें 'कार्टरफोन' काढलें. कंपनीनें मनाई केली. आणि १९६८ च्या जूनमध्यें तेथील दळणवळण आयोगानें निकाल दिला कीं, ज्या उपकरणानें जाळ्याची हानि होत नाहीं तें लावण्यास ग्राहकाला अडवितां येणार नाहीं. जर्मनींत १ ऑगस्ट २०१६ पासून अंमलांत आलेल्या कायद्यानें कंपनीची हद्द भिंतींतील जोडणीच्या खोबणीपाशींच संपविली. पुढें कोणतें यंत्र लावावें तें ग्राहकानें ठरवावें, आणि त्यासाठीं लागणारी माहिती कंपनीनें न मागतां व फुकट द्यावी. आपल्या शहरांत ही हद्द बहुतेक वेळां कंपनीशीं फोनवर झालेल्या बोलाचालीनें ठरते. म्हणूनच ती कोठें आखून मागावी हें ग्राहकाला आधीं ठाऊक असलें पाहिजे, आणि त्यासाठीं पत्त्यांचा प्रकार समजून घ्यावा लागतो.

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. जुन्या व अद्याप रूढ असलेल्या पद्धतींत असे पत्ते एकंदर ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे सुमारें ४३० कोटि होतात. ते पुरणार नाहींत हें पुष्कळ आधींच दिसूं लागलें होतें, आणि ३ फेब्रुवारी २०११ रोजीं मध्यवर्ती सांठ्यांतील शेवटचे गठ्ठे वांटून संपले. त्यावर जी युक्ति १९९४ मध्यें सुचविण्यांत आली तिच्यावरच आज आपलें प्रत्येक घर चाललें आहे. जुन्या पुण्यांतील एखादा मोठा वाडा डोळ्यांपुढें आणा. वाड्याला घरनंबर एक. आंत बिऱ्हाडें वीस. समजा, देवडीवर एक कारकून बसविला आहे. आंतून जाणाऱ्या प्रत्येक पत्रावरील बिऱ्हाडाचा पत्ता पुसून तो वाड्याचा घरनंबर लिहितो आणि हें पत्र कोणाचें, हें आपल्या वहींत टिपून ठेवतो. उत्तर आलें कीं वही पाहून तें त्या बिऱ्हाडीं पोंचवितो. कोणीहि न मागितलेलें पत्र आलें तर वहींत त्याची नोंद सांपडत नाहीं, व तो तें फेंकून देतो. राउटर हेंच करतो. आंतील बिऱ्हाडांचे क्रमांक प्रत्येक वाड्यांत तेच असले तरी चालतात; त्यासाठीं १९९६ मध्यें कांहीं मालिका कायमच्या राखून ठेवण्यांत आल्या. १९२.१६८ नें सुरू होणारा जो पत्ता आपण आपल्या फोनांत पाहतां, तो यांपैकींच.

आतां कंपनीच्या डब्यामागें आपला राउटर लावला म्हणजे वाड्याच्या आंत आणखी एक भिंत घालून दुसरी देवडी बसविल्यासारखें झालें. पत्र आतां दोन वह्यांत टिपलें जाईल, उत्तर दोन ठिकाणीं तपासलें जाईल. याला दुहेरी पत्ताबदल म्हणतात, आणि जाणते लोक त्याचा मोठा बाऊ करतात. मला तो अवाजवी वाटतो. वाचणें, पाहणें, पत्र पाठविणें, फोनवर समोरासमोर बोलणें, या नित्याच्या कामांत दोन देवड्यांनीं कांहीं बिघडत नाहीं; लागणारा अधिक वेळ इतका अल्प असतो कीं तो जाणवत नाहीं. अडतें तें बाहेरून न बोलावतां येणाऱ्या पाहुण्याचें. परगांवीं असतांना घरचा कॅमेरा थेट पाहणें, घरांतील सांठवणीच्या यंत्राशीं बाहेरून बोलणें, किंवा मुलांचे कांहीं खेळ, यांत पाहुण्याला दोन्ही देवड्यांवर परवाना लागतो, आणि लोक बहुधा एकाच ठिकाणीं देऊन थांबतात. दुसरी अडचण घरगुती आहे. बाहेरच्या अंगणांत राहिलेला फोन आंतल्या अंगणांतील छपाईच्या यंत्राला शोधतो, आणि तें त्याला कधींच सांपडत नाहीं.

खरा घोटाळा होतो तो निराळाच. पुष्कळ डबे व राउटर कारखान्यांतून स्वतःला १९२.१६८.१.१ हाच पत्ता घेऊन येतात. दोन्ही देवड्यांना एकच क्रमांक लाभला कीं आंतल्या कारकुनास वाटतें, बाहेरची देवडी ही आपल्याच अंगणांतील एक खोली आहे. मग तो पत्र बाहेर नेतच नाहीं. दिवे सर्व हिरवे, वाय-फाय जोमदार, आणि पान एक उघडत नाहीं. कांहीं नवे राउटर ही टक्कर ओळखून आपण होऊन पत्ता बदलतात, पण त्यावर विसंबूं नये. आपल्या राउटरला १९२.१६८.५०.१ असा वेगळा पत्ता दिला कीं पुष्कळ घरांतील ही रडकथा पांच मिनिटांत संपते.

यांतून निघणारे मार्ग तीन. कंपनीच्या डब्यांतील देवडी अजिबात बंद करून त्याला केवळ भाषांतराचें काम ठेवावयाचें, हा पहिला. यालाच 'ब्रिज मोड' म्हणतात. मग बाहेरचा पत्ता सरळ आपल्या राउटरच्या हातीं येतो, आणि घरांत एकच देवडी, तीहि आपली, राहते. ज्याला हें साधेल त्यानें हाच मार्ग धरावा असें माझें मत आहे. परंतु यांत पूर्वतयारी लागते. पुष्कळ कंपन्या ग्राहकाची ओळख नांव व पासवर्ड यांनीं पटवितात; या पद्धतीचें नांव पीपीपीओई. तें नांव व तो पासवर्ड आजवर कंपनीच्या डब्याच्या पोटांत होता. तो आतां आपल्या राउटरला सांगावा लागेल. म्हणून डब्याला हात लावण्यापूर्वीं तो मागून कागदावर उतरून घ्यावा. कांहीं ठिकाणीं 'व्हीलॅन' नांवाचा एक क्रमांकहि लागतो. एकाच तारेंतून इंटरनेट, टेलिफोन व टेलिव्हिजन असे प्रवाह येतात तेव्हां प्रत्येकाच्या छातीवर लावलेला तो बिल्ला होय. हा बिल्ला चुकला तर एक अक्षरहि आंत येत नाहीं. आणि घरचा टेलिफोन कंपनीच्या डब्यालाच लावलेला असेल तर ब्रिज केल्यावर तो बोलेल कीं मुका होईल, हें अवश्य विचारावें. तरुण मंडळींना त्या टेलिफोनची आठवण नसते. घरांतील वडील माणसांचा सारा आधार मात्र त्यावर असतो.

कांहीं कंपन्या ब्रिज सांगितल्याबरोबर करून देतात, कांहीं चार फोन करावयास लावतात, आणि कांहीं साफ नाहीं म्हणतात. नकार आला तर, किंवा आपली तक्रार केवळ रेंजचीच असेल तर, दुसरा मार्ग पत्करावा: आपल्या राउटरनेंच देवडीचें काम सोडून द्यावें व फक्त वाय-फाय पुरवावें. याला 'अ‍ॅक्सेस पॉइंट' म्हणतात. बहुतेक राउटरांत तशी एक खूण असते. ती केली कीं पत्ते वांटण्याचें काम कंपनीच्या डब्याकडेच राहतें, आणि सारें घर एकाच अंगणांत येतें. हा सर्वांत सोपा मार्ग आहे. किल्ल्या मात्र कंपनीकडेच राहतात.

तिसरा मार्ग दोन्ही देवड्या जाणूनबुजून ठेवण्याचा. पत्ते वेगळे करावे, आणि कंपनीच्या डब्यांत 'डीएमझेड' नांवाची जी सोय असते तिच्यांत आपल्या राउटरचा पत्ता लिहावा; म्हणजे न ओळखलेला प्रत्येक पाहुणा बाहेरचा कारकून आंतल्या देवडीकडे पाठवितो आणि खरा निवाडा तेथें होतो. ब्रिज न देणाऱ्या कंपनीच्या ग्राहकाला हा तोडगा बराच उपयोगी पडतो.

प्रत्यक्ष जोडणीविषयीं थोडें. कंपनीच्या डब्याच्या साध्या भोंकांतून निघालेली तार आपल्या राउटरच्या 'वॅन' किंवा 'इंटरनेट' असें लिहिलेल्या वेगळ्या रंगाच्या भोंकांत जाते. ही जोडतार चांगली घ्यावी. तिच्यांत आठ बारीक तारा असतात, आणि त्यांतील एखादी तुटली तर जोडणी बंद न पडतां १०० मेगाबिटांवर घसरूं शकते. ३०० चे पैसे भरून मोजणींत ९४ च्या आसपास आंकडा अडलेला दिसला तर कंपनीशीं भांडण्यापूर्वीं तार व भोंक तपासावें. आपला राउटर चालूं लागल्यावर कंपनीच्या डब्यांतील वाय-फाय बंद करावें. नाहीं तर शेजारीं शेजारीं बसून दोघे एकाच पट्ट्यांत ओरडत राहतात. जुन्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यांत एकमेकांवर न आदळणारीं स्थानें तीनच, १, ६ आणि ११. इमारतींत तीस बिऱ्हाडें असलीं म्हणजे तीं कशीं पुरणार? म्हणून जवळच्या खोलींत ५ गिगाहर्ट्‌झ वापरावें. तें भिंतींपुढें लवकर थकतें, पण त्यामुळेंच शेजाऱ्याचा त्रासहि कमी होतो.

राउटरच्या पाठीवर 'डब्ल्यूपीएस' नांवाची एक सोय असते; पासवर्ड न लिहितां यंत्र जोडण्यासाठीं ती काढली. तिच्यांतील आठ आंकडी खूण पाहतां दहा कोटि संभव वाटतात. परंतु २०११ च्या डिसेंबरांत असें उघड झालें कीं, यंत्र ती खूण दोन तुकड्यांत तपासतें आणि शेवटचा आंकडा आधींच्या सातांवरून निघतो; म्हणजे पहिल्या चारांचे १०,००० आणि पुढील तिघांचे १,०००, मिळून अवघ्या ११,००० प्रयत्नांत कुलूप उघडतें. ही सोय बंदच ठेवावी. कारखान्यांतला पासवर्ड बदलणें, दुरून व्यवस्था करण्याचें दार बंद करणें, आणि कॅमेरे व टेलिव्हिजन यांना 'पाहुण्यांचें' वेगळें वाय-फाय देणें, हीं कामेंहि त्याच बैठकींत उरकावीं.

एवढें करूनहि बाहेरून घरचा कॅमेरा दिसत नाहीं, अशी तक्रार कांहींजण करतील. त्यांनीं आपल्या राउटरच्या पानावर त्याला बाहेरून मिळालेला पत्ता पाहावा. तो १०० नें सुरू होऊन दुसरा आंकडा ६४ ते १२७ यांमधील असेल, तर आणखी एक देवडी खुद्द कंपनीच्या कचेरींत आहे असें समजावें. पत्त्यांच्या टंचाईमुळें कंपन्या अनेक घरांना मिळून एक पत्ता देतात. त्यासाठीं २०१२ मध्यें ही मालिका राखली गेली. त्या देवडीवर आपला हुकूम चालत नाहीं. कंपनीकडून वेगळा कायमचा पत्ता विकत घ्यावा, अथवा पत्त्यांच्या नव्या पद्धतीचा, म्हणजे आयपीच्या सहाव्या आवृत्तीचा आश्रय करावा. तिच्यांत पत्त्यांना तोटा नाहीं, म्हणून पत्ताबदलाचें कारणच उरत नाहीं. मात्र दोन देवड्या ठेवल्या असतील तर ही नवी मालिका बाहेरच्या डब्यापाशींच अडून राहण्याचा संभव असतो; ब्रिजच्या बाजूनें हा आणखी एक मुद्दा. आणि पत्ताबदल नसला तरी पहारा पाहिजेच; राउटरमधील फायरवॉल चालू आहे कीं नाहीं तें पाहून ठेवावें.

वीज जाऊन आली म्हणजे दोन्ही यंत्रें एकदम जागीं होतात व कधीं कधीं एकमेकांना चुकतात. अशा वेळीं प्रथम कंपनीचा डबा चालू करावा, त्याचा दिवा स्थिर होईपर्यंत दोनतीन मिनिटें थांबावें, मग आपला राउटर. हा क्रम, वाय-फायचा व राउटरचा पासवर्ड, आणि पीपीपीओईचें नांव एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराच्या आंतल्या बाजूस लावावें. घरांतील जाणता मनुष्य परगांवीं असतांनाच जोडणी बंद पडते. कंपनीच्या डब्यावरील रीसेटच्या बारीक छिद्रांत मात्र कोणी टांचणी खुपसूं नये; त्यानें कंपनीनें भरलेली ओळखहि पुसली जाऊं शकते, आणि मग माणूस येईपर्यंत घर बंद. ती टांचणी एकदांच वापरावयाची: कंपनी बदलून डबा परत करतांना, आपले पासवर्ड त्याच्याबरोबर जाऊं नयेत म्हणून.